चार भोकांचा फुगा

शंकर धानके भांग पाडायला आरशासमोर उभा राहिला की आधी वाकून आरशाच्या मागं बघायचा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आता, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणतो त्यातलं निम्मं कानांनी ऐकलेलं असतं आणि उरलेलं निम्मं माझ्या पोटातून आलेलं असतं, असं आमच्या शहापूरच्या कॉलेजातल्या मंडळींचं मत आहे. त्यांचं मत त्यांच्यापाशी. मी तिथं मराठी शिकवायचो, धानके गणित शिकवायचा. मी किन्हवलीचा, तो त्याच रस्त्यानं पुढं मुरबाडकडच्या एका पाड्यावरचा. म्हणजे रोज जाता-येता एकच एसटी, एकच बाकडं. अशा बाकड्यावर दहा-बारा वर्षं शेजारी बसल्यावर माणूस एक तर भाऊ होतो नाही तर वैरी. धानकेनं अजून ठरवलं नव्हतं. तो माझ्यावर नजर ठेवून होता.

अंगानं किडकिडीत, नाक पुढं, मान त्याहून पुढं. शर्टाच्या खिशात कायम खडू, त्यामुळं छातीवर पांढरा डाग. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी नेम धरायला खूण करून ठेवलीय. खुर्चीत बसण्याआधी खुर्ची हलवून बघणार. चहा आला की आधी दुसऱ्याला पिऊ देणार. प्राचार्य "गुड मॉर्निंग" म्हणाले तर हा क्षणभर खिडकीतून बाहेर पाहून मगच मान हलवणार.

सापगावच्या पुलावर तर त्याचा जुना राग. नव्यानं नोकरीला लागला तेव्हा पुलाच्या अलीकडं घंटी मारून हा खाली उतरायचा, गाडी पलीकडं जाऊ द्यायचा, मग स्वतः चालत पूल ओलांडून पुन्हा गाडीत चढायचा. कंडक्टर कावायचा.

"धानके सर, या पुलावरनं माझ्या लग्नाची वरात गेली, ट्रक गेले, भाताच्या गाड्या गेल्या. काय झालं का पुलाला?"

"आजवर नाय झालं," धानके शांतपणे म्हणायचा. "त्यावरनं उद्याचं काय सिद्ध होतं?"

"मंग चालत जाताना पडला तर?"

"तवा माझा एकट्याचा हिशोब हाय. तुमच्या चाळीस जनांच्या भरवशावर मी कशाला पडू?"

पुढं गाडीतल्या चार-पाच जणांना त्याचं म्हणणं पटायला लागलं आणि तेही उतरायला लागले. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, मीही चालत येतो, गाडी तुम्ही ढकला. तेव्हा कुठं धानके गाडीत बसून पूल ओलांडायला तयार झाला. पण डोळे मिटून. पुलाच्या मध्यावर तो पुटपुटायचा ते देवाचं नाव नव्हतं, एवढं मी सांगू शकतो. मी कान लावून ऐकलंय. तो कसल्याशा घातांकांची बेरीज करत असे.

या माणसाच्या डोक्यात जो संशय घर करून बसला होता तो पुलाहून, आरशाहून फार मोठा होता. तो सांगायचा तर थोडं गणित सांगावं लागेल. घाबरू नका. मला जेवढं समजलं तेवढंच सांगतो, आणि मला समजलेलं कुणालाही समजतं.

क्ष आणि य ही दोन अक्षरं घ्या. त्यांचे गुणाकार करा, बेरजा करा, एक लांबलचक राशी मांडा. हिला म्हणायचं बहुपदी. आता म्हणा, या राशीची किंमत पाच झाली पाहिजे. ज्या ज्या क्ष-य नं ती पाच होते त्यांचा एक वक्र होतो. सहा म्हणा, दुसरा वक्र. असे अगणित वक्र, एका आईची अगणित पोरं. त्यात धानकेचे क्ष-य साधे नव्हेत, संमिश्र संख्या. त्यामुळं वक्र म्हणजे नुसती रेघ राहत नाही, फुगून त्याचा पडदा होतो. कुणाचा पडदा मेदूवड्यासारखा, मधे आरपार. कुणाचा फुग्यासारखा गोल, फक्त त्याला इकडंतिकडं टाचणीनं पाडल्यासारखी भोकं. धानकेला मेदूवडे नको होते. ज्या बहुपदीची पोरं फुगे होतात तेवढ्याच बहुपद्या त्याला हव्या होत्या. अशा बहुपद्या किती प्रकारच्या, त्यांची घराणी किती, याची यादी परदेशातल्या मोठमोठ्या लोकांनी आधीच केली होती. छापून आली होती. जगानं मान डोलावली होती.

मुंबईला ज्या सरांच्या हाताखाली धानके पीएच.डी. करत होता त्यांनी ती यादी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ही धरून पुढचं काम कर, दोन वर्षांत डॉक्टर होशील.

यानं यादी उलटी धरून पाहिली, उजेडात धरून पाहिली, आणि म्हणाला, "सर, ही अपुरी हाय."

"कशावरनं?"

"यात एका बहुपदीचे सगळे फुगे सारखेच असनार, असं यांनी मनातल्या मनात धरलंय. कुठं लिवलं नाय. पण धरलंय."

सर भले माणूस. रागावले नाहीत. म्हणाले, "धानके, नुसत्या संशयाला गणितात किंमत नाही. एक उदाहरण आण. एकच. ज्याचे फुगे खरोखर वेगळे आहेत अशी एक बहुपदी. ती आणलीस तर तुझं नाव राहील. नाहीतर यादी मान आणि प्रबंध लिही."

झालं. त्या दिवसापासून धानकेनं प्रबंध बाजूला ठेवला आणि ते एक उदाहरण शोधायला लागला. बरोबरीचे लोक डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले, एक जण तर प्राचार्य होऊन आमच्याच डोक्यावर बसला. हा फुगे फुगवत राहिला.

फुगे म्हणजे खरेच फुगे. मुरबाडच्या बाजारातून आणायचा. भोक पाडलं तर फुगाच उरत नाही, म्हणून भोकाच्या जागी शाईचा ठिपका. मला बसमधे समजावून सांगताना एक फुगा हातात द्यायचा. "हे बघ, तीन ठिपके. दुसऱ्या फुग्यावर कुठंबी तीन ठिपके दे. कोन न मोडता फुगा ताणून मी हे तीन त्या तिनांवर नेऊन बसवीन. तीन भोकांचे सगळे फुगे एक. कोन कुठला हाय, वळखता येत नाय. आता चौथा ठिपका काढ. तीन बसवलं की चौथा बसंल तिथं बसंल. तो माझं ऐकत नाय. दोन फुगे येगळे हायेत की एक, ते चौथाच सांगतो."

मग बसच्या खिडकीतून बाहेर बघत, जणू सगळ्या तालुक्याला ऐकवत म्हणायचा, "तीन साक्षीदार कुनीबी पढवून ठेवतं रे. फुटतो तो चौथा."

या सिद्धांतावर त्याचं घर उभं होतं. लग्न जमवताना त्यानं मुलीची चौकशी चार ठिकाणी केली. पहिले तिघं म्हणाले, मुलगी गरीब गाय आहे. चौथी तिची शाळेतली बाई म्हणाली, कसली गाय, एकाला दोन ऐकवते. यानं ताबडतोब होकार कळवला. लग्नानंतर कळलं, सुलभावहिनींनीही याची चौकशी चौघांकडं केली होती. मी वहिनींना विचारलं, "चौथ्यानं काय सांगितलं?" त्या म्हणाल्या, "भावजी, चौथा मला म्हणाला, नवरा डोक्यानं जरा सरकलेला हाय. तवा म्हटलं, चला, एकजण तरी खरं बोलला."

पण सगळ्यात मोठी कसोटी लागली ती म्हशीच्या वेळी.

पडवीच्या आढ्याला धानकेनं डझनभर फुगे टांगून ठेवले होते, प्रत्येकावर चार चार काळे ठिपके. वारा आला की हलायचे. शेजारच्या काशिनाथनं नुकतीच बाजारातून म्हैस आणली होती. आठवडा झाला नाही तो म्हशीनं दूध तोडलं. काशिनाथनं म्हशीकडं पाहिलं, मग पडवीकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी देवळासमोर माणसं गोळा झाली. आरोप एकच: धानकेनं करणी केली.

मी मुद्दाम गेलो होतो. गर्दी एवढी की आंब्याच्या फांद्यांवरही माणसं. एक फांदी मोडून खाली आली तरी वरचे बोलायचे थांबले नाहीत.

काशिनाथ उभा राहिला. "अवसेला, तिनीसांजचं, त्यो काळ्या डोळ्यांचा फुगा माज्या म्हशीकं तोंड करून व्हता." त्याचा भाऊ उठला: "अवसेला, तिनीसांजचं, त्यो काळ्या डोळ्यांचा फुगा म्हशीकं तोंड करून व्हता." मग त्याचा मेहुणा. त्यानं काना-मात्राही बदलला नाही.

धानके म्हणाला, "चार डोळ्यांच्या गोल फुग्याला तोंड कुठल्या अंगाला असतं, ते आधी सांगा."

"ते तुलाच म्हाईत, तूच केलंय!"

"बरं. तिघं झालं. चौथा कोन हाय?"

"तिघं पुरं न्हाय व्हय रं? कोर्टात दोन चालतात!"

"कोर्टात चालत असतील. मला चौथा पाहिजे."

चौथा मिळेना. तेवढ्यात काशिनाथचीच आत्या, गोदाआत्या, मागच्या बाजूला तंबाखू मळत बसली होती, ती ओरडली, "काय रे गोंधळ घातलाव? म्हस गाभन हाय रे मुडद्यांनो! सातवा म्हयना. आटनार नाय तर काय करनार ती?"

काशिनाथ म्हणाला, "पन इकनारा तर म्हनला, ताजी वेलेली हाय."

"आनि तू इश्वास ठेवलास!" असं म्हणून धानके पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं हसला की आढ्याचे दोन फुगे फुटले असतील. मी पडवीत नव्हतो, पण फुटले असणार. त्या म्हशीला पुढं रेडकू झालं तेव्हा काशिनाथनं पहिला चीक धानकेच्या घरी पाठवला. धानकेनं तो आधी मांजराला चाखवला.

हे सगळं खरं, पण ते एक उदाहरण काही सापडत नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणायला लागलो होतो की तसं काही नसेलच. परदेशातली एवढी मोठी माणसं चुकतात आणि मुरबाडच्या पाड्यावरचा एक माणूस ते पकडतो, ही गोष्ट मी सांगितली असती तर कुणाला पटली नसती. मग धानकेनं सांगितली म्हणून मी का मानावी? तोही ते माझ्या चेहऱ्यावरून वाचायला लागला होता. बाकड्यावर आमच्या मधे एक दप्तर येऊन बसलं.

मग एके दुपारी कापण्या उरकल्यानंतरच्या दिवसांत किन्हवलीच्या अलीकडं गाडी बंद पडली. बाकी सगळे चालत निघाले. धानकेनं माझं मनगट धरलं.

"चल. तुला ऐकवायचंय."

"मला? मला गणितातला 'ग'ही कळत नाही."

"म्हनून तर. गनितवाल्यानं ऐकलं तर तो चोरंल नायतर मान डोलवंल. तू तालुक्यातला एक नंबरचा थापाड्या. थाप कुठं मारली जाते ते तुलाच कळंल."

याहून मोठा मान मला आजवर कुणी दिला नाही.

रस्त्याच्या कडेला एक खळं होतं. शेणानं सारवून गुळगुळीत केलेलं, फळ्याहून मोठं, अजून भारे यायचे होते. धानकेनं चपला काढल्या, खिशातून खडू काढला आणि खळ्याच्या एका कडेला वाकून लिहायला लागला. बहुपदी केवढी लांब! तिच्यातलं पहिलं बेरजेचं चिन्ह सापगावला आणि शेवटचं किन्हवलीला, असं समजा. खळं अर्धं भरलं. खळ्याची मालकीण धावत आली.

"अहो, काय लिवताव? सातबारा काढताव काय? कोन तुमी, धरनाच्या मोजनीवालं?"

"नाय वो बाय. फुगे हायेत."

"फुगे?" तिनं खळ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी चांगल्या घरातला दिसतो, म्हणून मला म्हणाली, "दादा, यांना घरी न्या."

धानके बोलत होता. आधी चौथं भोक. ते खरंच सरकत होतं. पाच म्हटलं की इथं, सहा म्हटलं की तिथं. म्हणजे फुगे वेगळे. माझ्यासारख्या माणसालाही दिसलं. खोटं नाही सांगत. मग तो दुसऱ्या भागावर आला: मुळात हे सगळे फुगेच आहेत, त्यांत मेदूवडा नाही, हे दाखवायचं. त्यानं पाचसाठी दाखवलं. सहासाठी दाखवलं. आणखी एकदोन किमतींसाठी दाखवलं. मग म्हणाला, "तसंच बाकीच्यांचंबी, ते उघडच हाय, तर आता पुढं..."

"थांब," मी म्हणालो.

"काय?"

"इथं वाघ आला."

वाघाचं असं आहे. मी गोष्ट सांगतो तेव्हा जंगल, वाट, ओढा, सगळं सावकाश सांगतो. पण जिथं नसलेला वाघ आणायचा असतो तिथं माझा आवाज आपोआप भरभर होतो, आणि मी लगेच पुढच्या गोष्टीवर उडी मारतो. धानकेचा आवाज तस्सा झाला होता. गणित मला कळलं नव्हतं. घाई कळली.

तो खळ्यावर उकिडवा बसला. ओळ सुटली होती त्या जागेकडं बघत राहिला. ऊन उतरलं. मालकिणीनं आम्हाला पाणी आणून दिलं. यानं ते न तपासता पिऊन टाकलं तेव्हाच मी समजलो की काहीतरी मोठं मोडलंय.

"उघड नाय," तो शेवटी म्हणाला. "मला तसं वाटतं. पन दाखवता येत नाय."

"उदाहरण खोटं?"

"खरं हाय. मला म्हाईत हाय खरं हाय. पन मला म्हाईत असनं म्हंजे काय?"

मी म्हटलं, "सरांना तसंच पाठव. एवढं तर पाठव. एक ओळ राहिली म्हणून कोण फाशी देतो?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पुलाच्या ठेकेदाराचा माणूस असावा.

त्यानं पाठवलं नाही. पुढची दोन-तीन वर्षं ती एक ओळ भरण्यात गेली. विद्यापीठातली नोंदणी संपली, ती त्यानं वाढवून घेतली नाही. मुंबईच्या सरांचा कॉलेजच्या फोनवर निरोप यायचा, काही आणलंस का? हा सांगायचा, आणतोय. काय आणतोय ते बोलायचा नाही. खळ्यावरचं गणित भाऱ्यांखाली गेलं, बैलांच्या खुरांखाली गेलं. ते पाहिलेली माणसं तीन: तो, मी, आणि खळ्याची मालकीण, जिला आम्ही धरणवाले वाटलो होतो.

नव्या शतकातली गोष्ट. शहापुरात नुकतीच इंटरनेटची दुकानं निघाली होती. एक दिवस धानके स्टाफरूममधे आला तो हातात छापलेल्या कागदांचा जुडगा घेऊन. मुंबईच्या सरांनी पाठवला होता. दुसऱ्या कुठल्या देशातल्या दोघांनी ती जुनी यादी तपासली होती, अपुरी आहे असं सिद्ध केलं होतं, आणि राहिलेली घराणी आत घेऊन नवी यादी केली होती. त्यात चौथ्या भोकाचं घराणं. त्या घराण्यात धानकेची बहुपदी, फक्त अक्षरं वेगळी. आणि ती ओळही. जिथं आमच्याकडं वाघ होता तिथं त्यांच्याकडं चार पानांची सिद्धता.

प्राचार्यांनी कागद चाळले. भूगोलाचे सर चहा ओतता ओतता म्हणाले, "म्हणजे धानके, तुमचं हुकलं म्हणायचं."

मला राहवेना. मी उभा राहिलो. "हुकलं कसलं! या माणसानं हे त्यांच्या कितीतरी आधी शोधलंय. किन्हवलीच्या अलीकडं, खळ्यावर. मी साक्षीदार आहे. माझ्यासमोर लिहिलंय."

सगळी स्टाफरूम हसली. हसणं थांबवावं लागतं तसं हसली.

"खळ्यावर!" प्राचार्य डोळे पुसत म्हणाले. "आणि खळ्याच्या कडेला तुमचा तो वाघही बसला असेल."

"बसला होता," मी म्हणालो. काय करणार, खरंच बसला होता. त्यावर आणखी हसले.

मी शपथ घेतली. आईची घेतली, नोकरीची घेतली. जितकी घेतली तितका मी खोटा वाटत गेलो. आयुष्यभर सांगितलेल्या सगळ्या थापा माझ्या मागं रांग लावून उभ्या होत्या आणि पुढं हे एकच खरं होतं, त्याला पुढं जायला वाट मिळेना.

प्राचार्य अखेर धानकेकडं वळले. "काय हो, खरं आहे का हे?"

मी त्याच्याकडं पाहिलं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्याच्यावर कुणी कधी खोटेपणाचा आळ घेतला नव्हता; त्याच्या एका "हो" वर सगळं शहापूर गप्प झालं असतं.

धानकेनं कागद नीट जुळवले. "याचं कुठं मनावर घेताव, सर," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत मी त्याच्याशी बोललो नाही. किन्हवली यायच्या आधी तोच बोलला. "रागावलास?"

"मला खोटं पाडलंस."

"ती ओळ माझ्याकडं नव्हती. त्यांच्याकडं हाय. बहुपदी कुनाच्याबी डोक्यात येते रे. मी हो म्हनलो असतो तर तू खरा ठरला असतास आनि मी थापाड्या." मग खिडकीकडं तोंड करून, "दुख्ख नाय झालं असं नको समजू. लय झालं."

त्यानंतर माझी बदली दुसऱ्या गावी झाली. जाण्याआधी एक दिवस माझं सामान न्यायला कॉलेजात गेलो होतो. व्हरांड्यातून जाताना धानकेचा आवाज आला म्हणून खिडकीशी थांबलो. वर्षाचा शेवटचा तास असावा. अभ्यासक्रम संपलेला, मुलं अर्धी. फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बहुपदी होती. मी ती ओळखली. मला ती पाठ नाही, पण माणूस जसा चालीवरून ओळखू येतो तशी ओळखली.

"ही परदेशातल्या दोन मान्सांनी शोधली," धानके मुलांना सांगत होता. "त्यांच्या आदी ही कुनाला म्हाईत नव्हती."

मुलं उतरवून घेत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी लिहीत नव्हती. तिचं नाव मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मी तिला तालुक्याची आमदार करून टाकली असती. ती उठली.

"सर, त्यांच्या आदी कुनालाच म्हाईत नव्हती, हे कशावरनं?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. ती बसली नाही. धानके तिच्याकडं पाहत राहिला. त्यानं खिडकीकडं पाहिलं असतं तर मी दिसलो असतो. त्यानं पाहिलं नाही.

"सिद्ध नाय करता येत," तो म्हणाला.

"मंग ते वाक्य लिवू नको?"

"नको लिवू."

ती खाली बसली. धानके फळ्याकडं वळला आणि पाठमोराच उभा राहिला. डस्टर हातात होतं, पण तो पुसत नव्हता. त्या वेळी त्याचा चेहरा कसा होता हे लोक मला अजून विचारतात, आणि न पाहिलेलं सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण मी वर्गाच्या मागच्या खिडकीशी होतो. मला त्याची पाठ तेवढी दिसली.